आत्याबाई माझ्या पाया पडल्या तेव्हा

आजारातून उठलेल्या माणसानं चार शब्द लिहावेत, म्हणजे अंथरुणावर पडलेल्यांना धीर येतो, असं म्हणतात. तसलं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. त्यात शेवटी माणूस शहाणा होतो, सगळ्यांना क्षमा करतो आणि खिडकीतून झाडाकडं बघत बसतो. झाडं मलाही आवडतात. पण मी कुणाला क्षमा केलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सात्त्विक काही वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

मला देवी आल्या होत्या. आताच्या पोरांना हा रोग माहीतच नाही. कांजिण्या म्हणजेच देवी, असं माझ्या नातसुनेला वाटतं. कांजिण्या येतात आणि जातात. देवी आल्या की माणूस तरी न्यायच्या, नाहीतर डोळे, आणि फारच मेहेरबान झाल्या तर नुसता चेहरा. माझा चेहरा नेला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी त्यातून उठले ती औषधानं नाही, कारण त्या रोगाला औषधच नव्हतं. मी उठले ती रागानं. राग होता आत्याबाईंवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. राग आहे तिथंच आहे, आणि तब्येतीनं ठणठणीत आहे.

*

आधी त्या गेलेल्या चेहऱ्याविषयी थोडं.

मी खर्ड्याकडची. आमच्या माळवदावरून किल्ला दिसायचा. तेव्हाची मी जी कोण होते, त्या बयेला असं वाटायचं की परगावचे लोक खर्ड्याला येतात ते लांबून किल्ला बघायला आणि जवळून तिला. पाण्याला निघाली की घागर भरलेली असली तरी ओतून पुन्हा विहिरीवर जायची, कारण पारावर माणसं बसलेली असायची. तिला कुणी सांगितलं असतं की पारावरची माणसं बैलाकडंसुद्धा तशीच बघतात, तर तिनं बैलाचा मत्सर केला असता.

ही बया शाळेत असताना देवी टोचायला माणूस आला होता. पोरं रांगेनं रडत होती. ही रडली नाही. हिनं हात पुढं केला, टोचून घेतलं, आणि तडक शाळेमागं जाऊन ओल्या मातीनं दंड खसाखसा घासून काढला. का, तर दंडावर डाग पडला तर बाजूबंद कसा शोभणार. घरात बाजूबंद सोडा, धड पाटलीही नव्हती. पण दंड राखला. अजून आहे. बघण्यासारखा आहे. ज्याला बघायचा असेल त्यानं यावं, आता मी कुणाला नाही म्हणत नाही.

लग्न होऊन मी भिंगारच्या पलीकडच्या एका गावात आले. आमचे हे भिंगारला लष्कराच्या गोदामात कामाला होते, सायकलनं जायचे-यायचे. माणूस गुणी. नाव ठेवायला जागा एकच. ह्यांच्या तोंडून कुठलंही वाक्य आईला विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

आणि आत्याबाई. उंच, काटक, मिश्रीनं दात काळेभोर. त्यांनी मला देखणी म्हणून करून आणली आणि देखणी म्हणूनच माझा दावा धरला. मी केस विंचरायला बसले की चुलीपाशी म्हणायच्या, "रूप चाटून प्वाट भरत न्हाई. भाकरी कर." रोज सकाळी मी वाकून पाया पडायचे. डोक्यावर हात ठेवायचा सोडून त्या पाय मागं घ्यायच्या, अंगणातलं कोंबडं पायात आल्यासारखे.

*

माहेरी चुलतभावाचं लग्न होतं. मांडवाशेजारच्या घरात एका पोराला देवी आल्या होत्या. दारावर कडुलिंबाची डहाळी लावलेली होती. आताचं माणूस असं घर दिसलं की चार हात लांबून जाईल. आम्ही सगळ्या नट्टापट्टा केलेल्या बायका रांगेनं आत गेलो. देवी अंगात आली म्हणजे ते लेकरू लेकरू नसतं, ती देवीच. तिचं दर्शन घ्यायचं, हळदकुंकू वाहायचं, तिच्या हातचा दहीभात प्रसाद म्हणून खायचा. मी खाल्ला. वर बोटं चाटली. माझी कुसुम तेव्हा माझ्या आईच्या मांडीवर झोपली होती म्हणून बाहेर राहिली. नुकती धरधरून चालायला लागली होती ती.

परत आल्यावर काही दिवसांनी ताप भरला. कंबर अशी दुखायला लागली की कुणी मुसळानं कांडतंय. मग ताप जरा उतरला, मला वाटलं सुटले. सकाळी भाकरी थापत होते तर आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. चुलीपुढून उठल्या, मला उभं केलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. कपाळाला बोट लावून बघितलं. हात धुतले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि खाली वाकून माझ्या पाया पडल्या.

लोक विचारतात, तुम्हाला कधी कळलं? डॉक्टर कसं बोलले? माझं निदान माझ्या पायांवर झालं. आत्याबाईंचं कपाळ पायाला लागलं तेव्हा मला कळलं की मी मरणार आहे.

"आई, आलीस," त्या म्हणाल्या. "शांत र्‍हा. चुकलंमाकलं पोटात घाल."

हे त्या मला म्हणत नव्हत्या. माझ्या आत जी येऊन बसली होती तिला म्हणत होत्या. भीती मरणाची असते असं आपण म्हणतो. मला त्या घडीला भीती वाटली ती वेगळीच. मी अजून तिथंच उभी होते, हाताला पीठ होतं, आणि घरातल्या माणसानं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं.

*

मागच्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर मला निजवलं. घरात फोडणी बंद, ह्यांची दाढी बंद, केस विंचरणं बंद. माझा आरसा, जो मी पिठाच्या डब्यात लपवून ठेवायचे, तो आत्याबाईंनी न विचारता नेमका डब्यातून काढला आणि विहिरीत टाकला. म्हणजे इतके दिवस त्यांना माहीत होतं.

फोड तोंडात आले, घशात आले, पापण्यांवर आले. डोळे मिटले ते उघडेनात. त्या अंधारात मी दोन गोष्टी करायचे. एक, खाजवायचं नाही म्हणून मुठी आवळून धरायचे. दोन, भिंतीपलीकडचं ऐकायचे. कुसुम भिंतीपलीकडं आत्याबाईंच्या कडेवर होती, आणि कुसुमला टोचलेलं नव्हतं.

एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पोरीला आत्ता टोचलं तर ती वाचेल, उशीर झाला तर तिचं माझ्यासारखं होईल किंवा त्याहून वाईट. हे मला माहीत होतं, कारण गावात देवी टोचायला येणारा माणूस दर खेपेला चावडीवर ओरडून सांगून जायचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर नव्हता तो. घामाघूम झालेला, कुत्र्यांना भिणारा, पिशवी छातीशी धरून चालणारा एक माणूस होता.

आमच्या दारात तो आला. मी भिंतीला कान लावला.

"घरात कुणाला ताप वगैरे?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"सूनबाई?"

"म्हायेरी गेलीया."

"आणि लहान मूल?"

"तिच्यासंगं."

"दारावर लिंबाचा डहाळा कशाला मग?"

"डास लई झाल्यात."

तेवढ्यात कुसुम रडली. पोरीनं माझी अक्कल घेतली नाही, तिला वेळेची जाण आहे.

"हे कोण रडतंय?"

"शेजारचं हाय. सारखं रडतंय मेलं. यू यू, मोत्या, यू."

मोत्या आमचा कुत्रा. देवी डॉक्टर गेला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण घशात इतके फोड की मांजराच्या पिल्लाएवढासुद्धा आवाज निघाला नाही.

संध्याकाळी हे दाराशी आले. दाराबाहेर उभं राहूनच बोलायचे. मी कशीबशी म्हटलं, "कुसुमला भिंगारला न्या. टोचून आणा."

"आईला इचारतो."

गेले आणि आले. "आई न्हाई म्हनती."

आता आत्याबाईंची बाजू सांगते, नाहीतर म्हणाल की म्हातारी एकतर्फी लिहिते. त्यांचा थोरला मुलगा, ह्यांच्या आधीचा, लहानपणी देवीनं गेला. घरात देवी असताना कुणीतरी त्याला टोचून आणला होता, उशिरा, आणि दोन दिवसांत पोर गेलं. घरात आई बसलेली असताना सुई आणली, म्हणून ती कोपली, असं त्यांनी तेव्हापासून मनात धरलं होतं. त्यांची बाजू ही अशी आहे. मला ती तेव्हाही माहीत होती. एखाद्याची बाजू माहीत असणं वेगळं आणि त्याला माफ करणं वेगळं. ही दोन्ही एकच आहेत असं सांगणारी माणसं बहुतेक करून निरोगी असतात.

त्या दिवशी मी मरायचं रद्द केलं. आधी ह्या बाईला बघून घेईन, मग मरेन.

*

दुपारी गल्लीतल्या बायका देवीला भेटायला यायच्या. पुढं असायची शेजारची पारूबाई. आवाज असा की कानात बोलली तरी वेशीपर्यंत जावं. ती पायाशी बसून विचारायची, "आई, काय पायजे? माग."

रीत अशी, की देवीनं मागितलं ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. पहिल्यांदा मी खरंच अंगाची आग होते म्हणून "वारा" म्हटलं. आणि काय सांगू, आत्याबाई आल्या, पंखा घेतला आणि मला वारा घालत बसल्या. हात भरून आला असेल, तरी थांबल्या नाहीत. डोळे मिटलेले होते तरी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तंबाखूचा वास. सोसत न्हाई." आत्याबाईंच्या मिश्रीचा डबा उकिरड्यावर गेला. ती मिश्री त्यांच्या लग्नाहून जुनी सवय होती. त्या रात्रंदिवस चिडचिड करत राहिल्या आणि मी पाल्यावर पडून ऐकत राहिले. आजाऱ्याला फळं आणून देतात लोक. हे असलं काही मिळालं तर फळांची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी पारूबाईनं येता येता बातमी आणली. वरच्या आळीत आणखी एकाला देवी निघाल्या, देवी डॉक्टर पुन्हा आलाय, चावडीवर बसलाय, कुणी जाईना त्याच्याकडं.

"आई, काय पायजे?" तिनं विचारलं.

"टोचणी," मी म्हटलं.

पारूबाई माझ्या कानाशी वाकली.

"कसली, आई?"

"सुईची. त्यो माझा मान हाय. ह्या घरात थोरलीपासनं धाकटीपातुर. आधी थोरली."

आत्याबाईंच्या हातातला पंखा थांबला. "देवी सुई मागत नसती. सुईनं ती कोपती. तापात बरळतीया ही."

"सोनाबाई, गप," पारूबाई आत्याबाईंना म्हणाली. "आई हाय ती."

"आई असंल तर वळख पटवंल. माझ्याबिगर कुनालाच ठावं न्हाई असं कायतरी सांग म्हनावं."

बाई काही कच्ची नव्हती. माझं अंग तापलेलं, डोळे बंद, जीभ सुजलेली. आत्याबाईंचं एकही गुपित मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या घरात पाणी भरत होते, मनात नाही. पण विहिरीवर, दळणावर, लग्नांत बायकांचं इतकं ऐकलं होतं की एक गोष्ट पक्की कळलेली होती. पृथ्वीवर अशी बाई नाही जिचा एक तरी नवस बोलून फेडायचा राहिलेला नाही.

"बोललीस आन् फेडला न्हाईस," मी म्हटलं. "त्यो सांगू का ह्या सगळ्यांम्होरं?"

धप्पकन आवाज झाला. त्या खाली बसल्या होत्या.

"नगं, आई," त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, लहान मुलीसारखा. "सांगू नगंस. आनते सुई."

कुठला नवस, मला आजतागायत माहीत नाही. हे लिहितानाही विचार करते. बऱ्याच शक्यता आहेत, आणि सगळ्या मजेदार आहेत.

*

देवी डॉक्टरला अंगणात आणलं. मला दिसत नव्हतं, पण पारूबाई दारात बसून आत सगळं सांगत होती. अख्खी गल्ली जमली. आत्याबाई पाटावर बसल्या, चोळीची बाही वर केली.

"आजी, हात सैल सोडा."

"सैलच हाय."

"मग माझा सोडा."

बायका हसल्या. आत्याबाईंना गावानं हसायची ती पहिलीच वेळ. मी पाल्यावर पडल्या पडल्या ते हसू पुन्हा पुन्हा कानांत घोळवलं. दोन टोकांची ती सुई भराभर टोचतात. पारूबाई आतमध्ये मोजून सांगत होती, आणि मला प्रत्येक टोचा गोड लागत होता.

मग ह्यांना टोचलं. आणि मग कुसुम किंचाळली.

आईनं लेकराचं रडं ऐकून इतकं सुखावू नये. मी सुखावले. डोळ्यांच्या चिकटलेल्या फटींतून पाणी आलं आणि फोडांवरून खाली गेलं, झोंबलं, आणि मी तसंच झोंबू दिलं. पाठोपाठ गल्लीतल्या बाकीच्यांनीही हात पुढं केले. देवीनंच मागितलंय म्हटल्यावर मागं कोण राहणार. देवी डॉक्टरच्या जवळची लस संपली.

पण माणूस कामाचा होता. जाता जाता म्हणाला, "देवी कुठं आहे, ती बघू." आणि दार उघडून मला बघितलं. दुसऱ्या दिवशी नगरहून जीप आली.

*

नगरला मला ज्या वॉर्डात ठेवलं तिथं आरसा नव्हता. मुद्दाम नव्हता. पत्र्याचं छप्पर, एका ओळीत खाटा, लाल औषधाच्या पाण्यानं अंग पुसणं, भांडी उकळणं, खपल्या गोळा करून जाळणं. सकाळ-संध्याकाळ तेच. आमची सिस्टर श्रीरामपूरची होती, ख्रिस्ती, बुटकी, फटकळ. पहिल्याच दिवशी माझे डोळे कोमट पाण्यानं धूत म्हणाली, "नाव काय गं तुझं?"

मी नाव सांगितलं. मग लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी कुणीतरी ते विचारलं होतं. लहानशी गोष्ट आहे. दवाखान्यात असाल तर शेजारच्या खाटेवरच्याला नाव विचारा. औषधाआधी विचारा.

एक डोळा उघडला, मग दुसरा. दिसत होतं. खपल्या पडायला लागल्या. पण जीव सगळा टांगलेला होता तो पोरीच्या दंडावर. टोचलं म्हणजे काम झालं असं नसतं. टोचलेलं फुलावं लागतं, फोड येऊन पिकावा लागतो. नाही फुललं तर लागू पडलं नाही. हे मातीनं दंड घासणाऱ्या बयेइतकं कुणाला ठाऊक असणार?

भेटायला येणाऱ्यांना तारेच्या कुंपणापलीकडून ओरडून बोलावं लागायचं. रविवारी हे आले. सायकल धरून उभे.

"बरी हाय का?" ह्यांनी ओरडून विचारलं.

"कुसुमची टोचणी फुलली का?"

हे विचारात पडले. "आईला इचारून सांगतो."

सगळा वॉर्ड ऐकत होता. माझ्या शेजारच्या खाटेवर जामखेडकडची एक म्हातारी होती, तिनं खिडकीतून हात जोडून ह्यांना विचारलं, "बाबा, तुला डोळं हायती का? आमच्यातले दोन नेतोस?"

सिस्टर कुंपणापर्यंत गेली आणि तिनं ह्यांना असं काही सुनावलं की पुढच्या रविवारची वाट न बघता हे दुसऱ्याच दिवशी आले, आणि सायकल स्टँडला लावायच्या आतच ओरडले, "फुलली. ही एवढी फुललीया. म्या सवता बघितली."

"अंगावर दुसरं काही?"

"काय न्हाई. म्या बघितलं. सगळीकडं बघितलं."

ह्यांनी आईला न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य. जामखेडची म्हातारी म्हणाली, "फुलला गं बाई, नवरापन फुलला." आणि खपल्यांनी भरलेल्या तोंडांनी आम्ही सगळ्या हसलो. हसताना ओठ फुटले.

*

घरी आले तेव्हा कुसुम मला बघून आत्याबाईंच्या गळ्यात शिरली आणि बाहेर निघेना. आत्याबाईंना "आई" म्हणायला लागली होती. मी रडले नाही. गुळाचा खडा घेतला, अंगणात बसले, आणि स्वतःच चोखायला लागले, तिच्याकडं न बघता. दुसऱ्या खड्याला पोर माझ्या मांडीवर होती. माझ्या गालावरच्या खळग्यांत बोट घालून बघत होती, एकेक, जशी लहान मुलं धान्याच्या पोत्याला भोक सापडलं की बघतात. ती घाबरली नाही. पुढं जे घाबरले ते सगळे मोठे होते.

चेहऱ्याचं म्हणाल, तर एका जुन्या पत्र्याच्या डब्यात मी तो बघितला. फार वेळ बघितला. मग मला त्या खर्ड्याच्या बयेचं हसू आलं. लोक आपल्याकडं बघतात म्हणून तिनं आयुष्यभर कुणाकडं बघितलंच नव्हतं. रूप असलं की माणसाला सतत स्वतःची राखण करावी लागते. माझं कुणी लुटून नेलं आणि मी मोकळी झाले. आता मी एस्टीत बसले की समोरच्या माणसाकडं खुशाल टक लावून बघते. तोच नजर वळवतो. सौंदर्य बघायचं असेल तर आपल्याकडं कुणी बघत नाही अशी सोय हवी, एवढं मला देवीनं शिकवलं. ही विद्या मी विकत घेतली नसती. पण मिळाली आहे ती परतही करणार नाही.

आणि राग? तो मी घरी पाऊल टाकलं तेव्हा दुप्पट झाला.

का, तर आत्याबाई गावात थोर झाल्या होत्या. "सोनाबाईनं आधी टोचून घेतलं म्हनून गाव वाचलं." गावात कुणीतरी साहेब येऊन गेला होता, त्यानं चावडीवर त्यांना नारळ दिला, लुगडं दिलं. कुणीही घरी आलं की त्या बाही वर करून दंडावरचा डाग दाखवायच्या, आणि चहा मला करायला लावायच्या. वर म्हणायच्या, "सुनंचं तोंड गेलं. पर नातीचं म्या राखलं."

मी चहा उकळत बसायचे आणि आत उकळायचे. खरं सांगावं, तर देवी खोटी ठरते. देवी खोटी ठरली की गल्लीतल्या पुढच्या लेकरांना कोण टोचून घेणार? आत्याबाईंनाही माझा संशय होता. पण त्या उघड म्हणाल्या असत्या, तर नारळ आणि लुगडं दोन्ही खोटं ठरलं असतं. एकाच खोट्याच्या दोन टोकांना आम्ही दोघी धरून होतो, आणि सोडायची कुणाचीच टाप नव्हती.

मग एकदा काम करता करता त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "बोळवन र्‍हायलीया."

देवी गेल्यावर तिची बोळवण करायची असते. हिरव्या बांगड्या, दहीभात, वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत जायचं, देवीला निरोप द्यायचा. त्यानंतर आजारी माणूस पुन्हा साधं माणूस होतं. मला जीपमधून नेल्यामुळं माझी बोळवण झालीच नव्हती. म्हणजे रीतीनं देवी अजून माझ्यातच होती.

"करून टाकू या अमुशेआधी," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले. हळूच म्हटलं, "मला अजून र्‍हायचंय."

त्या दिवसापासून घरातला पहिला चहा मला. मिश्री कायमची बंद. माझ्या मुलाला जन्मल्यावर महिन्याभरात टोचलं, एका शब्दानं कुणी अडवलं नाही. कुसुमला सातवीनंतर शाळेतून काढायचं आत्याबाईंनी ठरवलं, तेव्हा मी फक्त केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसले. कुसुम नगरला शिकायला गेली. दर उन्हाळ्यात आत्याबाई विचारायच्या, "आता?" मी म्हणायचे, "अजून नको." त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. पण देवीच्या बाबतीत पैज लावायची त्यांची तयारी नव्हती, आणि मी बरोबर त्या फटीत राहून संसार केला.

म्हणून आजाऱ्यांना माझं सांगणं आहे. कुणी म्हटलं राग सोडा, शांत व्हा, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. राग कुणावर आहे ते नीट ठरवा. त्याचं काय करायचं ते ठरवा. ते करायला जगायला लागतं, हे आपोआप लक्षात येतं.

आत्याबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळल्या तेव्हा कुसुम सासरहून आली होती. तिला दिवस गेलेले होते, चेहरा नितळ, गालावर एक डाग नाही. तिनंच आजीला चमच्यानं पेज भरवली. आजीचा जीव होता तिच्यावर, खोटं कशाला सांगू.

आत्याबाईंनी खुणेनं मला जवळ बोलावलं. "आता तरी," त्या म्हणाल्या. "पोरगी सुखरूप हाय. जायाच्या आधी बोळवन करून टाक. मला घोर लागून र्‍हायलाय."

कुसुमनं माझा हात धरला. "आई, कर ना गं. एवढं काय?"

मी दोघींकडं बघितलं. आत्याबाईंचा तो दंड पांघरुणाबाहेर होता, कातडी लोंबलेली, मध्ये डाग. मी पांघरूण त्यावर ओढलं. गार पाण्यानं त्यांचं कपाळ पुसलं, उशी सारखी केली.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मी अजून विचार करतेय.